शनिवारचं पाणी

गुरुवार, २ मार्च

सभा हातून निसटत होती, ती परत आणली. चाळीस वर्षं वर्गात आणि जवळपास तितकीच वर्षं व्यासपीठावर उभा राहिलोय, सारं गाव मला माश, म्हणजे मास्तर, म्हणतं, तरी आज घाबरलो होतो. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

समोर बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे सौमिनी. तिची विहीर फेब्रुवारीतच आटली. आमच्या डायलिसिस केंद्राचा बोअर मात्र दिवसभर घरघरतो. तिचं म्हणणं सरळ होतं. बोअर बंद करा, नाहीतर केंद्रच बंद करा.

केंद्र बंद म्हणजे बेचाळीस माणसं बंद. हे केंद्र आम्ही वाचनालयाच्या दोन खोल्यांत उभं केलं. सहा मशीनं, घरोघर वर्गणी मागून. कोणा शेठच्या नावाची पाटी लावली नाही. या बेचाळिसांत माझा जुना दोस्त चिंडन आहे. त्याला सोमवारी आणि गुरुवारी पहिल्या पाळीला मशीनवर झोपावं लागतं, नाहीतर तो आठवडाभरही टिकणार नाही.

सौमिनी म्हणाली, "माश, दर शनिवारी संध्याकाळी तुमच्या गटारातून स्वच्छ पाणी वाहतं. मी डोळ्यांनी बघते. आमच्या पोरी हंडा घेऊन नदीपर्यंत जातात आणि तुम्ही पाणी गटाराला पाजता."

हे खरं आहे. रविवारी केंद्र बंद असतं, म्हणून प्रजिना शनिवारी टाकी रिकामी करते. आठशे लिटर. मी तिथल्या तिथे उभा राहिलो आणि शब्द दिला की या शनिवारपासून गटारात एक थेंब जाणार नाही, शनिवारचं पाणी सोमवारी वापरू. पाणी ही कोणाच्या बापाची मालमत्ता नाही, ते उधळणारा चोर आणि ते बघत बसणारा त्याचा साथीदार, असं बरंच बोललो. बायकांनी हंडे वाजवले. केंद्र वाचलं.

नंतर प्रजिना मागे मागे आली. आमची तंत्रज्ञ, वय सव्वीस, बोलते हळू. दोन दिवस साठलेलं पाणी मशीनला देऊ नये असं तिला शिकवलंय म्हणे. मग म्हणाली, वाया जाण्याचाच प्रश्न असेल तर शनिवारी संध्याकाळी बायकांनाच भरून नेऊ द्या. मी चिडलो. हे लोक हक्काचं पाणी मागताहेत आणि आपण त्यांना आपलं उरलेलं वाढायचं? ही भिकेची भाषा झाली. शिवाय टाकीतून निघालेलं पाणी जांभळ्या दिव्याखालून जातं, तिथे प्रत्येक जंतू मरतो. त्या दिव्यासाठी मी एकतीस सभा घेतल्यात. "विज्ञानावर विश्वास ठेव, पोरी," म्हटलं. ती केंद्राकडे परत गेली.

सोमवार, ६ मार्च

पहिल्या पाळीत तिघांना हुडहुडी भरली. सातला मशीनं लागली, आठच्या सुमाराला चिंडनचे दात वाजायला लागले. दोन घोंगड्या टाकल्या तरी पलंग हलत होता. बाकी दोघांचंही तेच. ताप एकशे दोन. प्रजिनाने मशीनं थांबवली, औषध दिलं, दुपारपर्यंत तिघेही सावरले. दुसऱ्या पाळीत कोणाला काही झालं नाही.

चिंडन घरी जाताना म्हणाला, "पन्नास वर्षं मागावर बसलो, पण आजच्यासारखा धोटा कधी हलला नव्हता." हसला. ओठ निळे होते.

मंगळवार, ७ मार्च

सलाइन. नक्की सलाइनच. शुक्रवारी नवीन खोकी आलीत, पहिल्यांदाच या कंपनीची. गरिबाच्या नसेत काय गेलं याची फिकीर त्यांना कशाला? सगळी खोकी परत पाठवली, जिल्हा कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. चौथं पान विशेष जमलं.

गुरुवार, ९ मार्च

जुन्या सलाइनवर पहिली पाळी झाली. कोणालाही काही नाही. माझं निदान बरोबर होतं. संध्याकाळी वाचनालयात यावर अर्धा तास बोललो. चिंडन मागच्या बाकावर बसून पाय दाबत होता. त्याला बाहेर धरून नेताना म्हणालो, बघितलंस, कंपनीला कसं पकडलं.

तो म्हणाला, "पकडलंस खरं. आता सोमवार जाऊ दे."

सोमवार, १३ मार्च

पाच जण. सहापैकी पाच.

सलाइन जुनंच होतं. आठ वाजता एक सुरू झाला, मग एकामागून एक. चिंडनचा रक्तदाब इतका खाली गेला की प्रजिनाने त्याचे पाय उशांवर चढवले आणि मला बाहेर जायला सांगितलं. दाराच्या काचेतून मला फक्त त्याचे तळवे दिसत होते, हळद लावल्यासारखे पिवळे. वीस मिनिटं मी त्या तळव्यांकडे बघत उभा होतो.

सावरल्यावर माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय, तर, "माश, मला सोमवारीच थंडी वाजते, गुरुवारी नाही. सोमवारी तुझ्या भाषणांना सुट्टी दे." अशा अवस्थेतही त्याची थट्टा सुटत नाही. याच माणसाने संपाच्या काळात तुरुंगात मला अकरा दिवस हसवत ठेवलं होतं.

प्रजिनाला मी ऑफिसात बोलावलं आणि बोललो. जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. तू सकाळी हात धुतेस का, नळ्या धुतेस का, की मोबाइल बघत बसतेस, असं बरंच. दारापाशी दोन रुग्णांचे नातेवाईक उभे होते, त्यांनी ऐकलं. ती म्हणाली, टाकी पुन्हा शनिवारी रिकामी करू या, एकदा करून बघू या. मी विचारलं, सौमिनीच्या तोंडावर दिलेला शब्द मी तुझ्या एकदासाठी मोडू? तुझा संशय पाण्यावर आहे ना? मग दिव्यानंतरच्या नळाचा नमुना कण्णूरच्या प्रयोगशाळेत पाठव. तिने माझ्यासमोर नमुना घेतला.

बुधवार, १५ मार्च

दुसराच विचार डोक्यात येतोय. बोअरवर चिडलेले लोक कमी नाहीत. रविवारी केंद्रात कोणी नसतं. टाकीचं झाकण उघडंच. रविवारी कोणी येऊन त्यात काही टाकलं तर? नाव घेत नाही, पण सौमिनीचा भाऊ गेल्या सभेत माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी विसरलेलो नाही.

टाकीच्या झाकणाला आणि तळाच्या तोटीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला.

शनिवार, १८ मार्च

अहवाल आला. पाण्यात जंतू शून्य. शून्य. मी तो कागद तीनदा वाचला आणि मोठ्याने हसलो. पाणी निर्दोष, दिवा निर्दोष, आपलं केंद्र निर्दोष.

पण गावात तोपर्यंत विष पसरलंय. पहिल्या पाळीतले चार जण सोमवारी येणार नाहीत म्हणतात. एक जण शहरातल्या खासगी इस्पितळात चौकशी करून आला आणि दर ऐकून घरीच पडलाय, अंगावर सूज घेऊन. भीती माणसाला मशीनपेक्षा लवकर मारते. उद्या सभा घेतो.

प्रजिनाला अहवाल दाखवला. तिने वाचला, घडी घातली, परत दिला. "यात फक्त जिवंत जंतू मोजलेत, माश," म्हणाली. मग काय मेलेले मोजायचे, मी विचारलं. नातेवाईक हसले. ती टाकीकडे गेली, मग परत आली, कारण किल्ली माझ्याकडे होती.

रविवार, १९ मार्च

आयुष्यातल्या चांगल्या भाषणांपैकी एक.

अहवाल वाचून दाखवला. मग केंद्रातल्या नळाचं पाणी जगमधून मागवलं, सगळ्यांसमोर ग्लासात ओतलं आणि एका दमात प्यायलो. दुसरा ग्लास भरला, तोही प्यायलो. म्हटलं, एकाहत्तर वर्षांचा म्हातारा तुमच्यासमोर उभा आहे, उद्या सकाळी याला थंडी वाजली तर मशीनं नदीत टाकून या. टाळ्या पडल्या. तरी रुग्णांपैकी कोणी पुढे येईना.

तेव्हा चिंडन उठला. उठायला त्याला वेळ लागतो, तोवर सगळ्यांच्या माना वळल्या. म्हणाला, "उद्या पहिल्या पाळीला मी बसतो. माश सांगतोय तर पाणी चांगलं असणार." मग आणखी दोघांनी हात वर केले.

व्यासपीठावरून उतरून मी त्याला मिठी मारली. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला, जसं लहान मुलाला थोपटतात.

सोमवार, २० मार्च

सातला तिघांना लावलं. मला थंडी नाही, ताप नाही, पोट उत्तम. मी चिंडनजवळ बसून पेपर वाचून दाखवत होतो.

आठला पाच मिनिटं कमी असताना त्याने माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलं. मग त्याचं सगळं अंग पलंगावर आपटायला लागलं. शेजारच्या पलंगावर पण सुरू झालं, मग तिसऱ्यावर. प्रजिना धावत होती. चिंडनचा रक्तदाब मशीनने दाखवणंच बंद केलं. रुग्णवाहिका यायला पस्तीस मिनिटं लागली. मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसलो होतो आणि हाताखाली काय चाललंय ते मला कळत नव्हतं.

दुपारी कण्णूरच्या अतिदक्षता विभागाबाहेर नारायणी, त्याची बायको, बाकावर बसलेली. मी शेजारी बसलो. ती म्हणाली, "काल मला म्हणाला, सोमवारी जायचं मन होत नाही. मी म्हटलं, मग नको जाऊ. तर म्हणतो, कोणीच बसलं नाही तर माश तोंडावर पडेल."



मंगळवार, २१ मार्च

सकाळी कण्णूरहून डॉक्टर हारिस आले, किडनीचे डॉक्टर, महिन्यातून दोनदा आमच्याकडे येतात. त्यांनी मला केंद्राच्या ऑफिसात बसवलं आणि टेबलावर दोन बोटभर काचनळ्या ठेवल्या.

एकीत काल संध्याकाळचं, टाकी ताज्या पाण्याने भरल्यानंतरचं पाणी होतं. दुसरीतलं काल सकाळी सहाचं, मशीनं लागण्याआधीचं. ते प्रजिनाने मला न विचारता दिव्यानंतरच्या नळाचं घेऊन, बर्फात घालून, पहिल्या बसने त्यांच्याकडे पाठवलं होतं. दोन्हींत एक औषध घातलेलं. समुद्रात घोड्याच्या नालेसारख्या पाठीचा एक खेकडा असतो, त्याच्या रक्तापासून ते बनतं म्हणे. तासभर ऊब दिलेली. डॉक्टरांनी पहिली नळी उलटी केली, पाणी खाली घरंगळलं. दुसरी उलटी केली. पाणी वरच चिकटून राहिलं, थिजलेल्या खळीसारखं.

मी म्हणालो, अहवालात जंतू शून्य आहेत.

"अहवाल खरा आहे. जंतू मेलेत."

"मग मेलेला जंतू काय करणार?"

"मेला म्हणूनच करतो, माश," डॉक्टर म्हणाले. जंतू फुटला की त्याच्या कवचाचे तुकडे पाण्यात पडतात. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. दिव्याने ते जात नाही, उकळून जात नाही. दोन दिवस पत्र्याखाली तापलेल्या टाकीत जंतू बेसुमार वाढतात, दिवा त्यांना मारतो, आणि कवचं जशीच्या तशी पुढे जातात. सोमवारची पहिली पाळी ते पाणी संपवते, दुसऱ्या पाळीला ताजं मिळतं.

मी म्हणालो, मी दोन ग्लास प्यायलो.

ते पोटात गेलं, डॉक्टर म्हणाले, पोट असलं रोज पचवतं. मशीनवर एका बैठकीत सव्वाशे लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं आणि मध्ये एक पातळ पडदा असतो. जंतू त्यात अडतो, कवचाचे बारीक तुकडे अडत नाहीत. रक्ताला वाटतं फौज चालून आली. शरीर सगळी हत्यारं काढून लढायला लागतं. समोर कोणी नसतंच. त्या लढाईचाच ताप, तिचीच हुडहुडी, आणि रक्तदाब कोसळतो तोही तिच्यामुळेच. धडधाकट माणूस सावरतो. चिंडनचं हृदय आधीच थकलेलं.

मग त्यांनी प्रजिनाला विचारलं, पाणी दोन दिवस ठेवायला कोणी सांगितलं?

ती जमिनीकडे बघत राहिली. मी खिडकीकडे बघत राहिलो. डॉक्टरांना फोन आला, ते बाहेर गेले. 

बुधवार, २२ मार्च

केंद्राच्या समितीची बैठक. अकरा जण. डॉक्टरांचं पत्र वाचलं गेलं. त्यात लिहिलंय, पाण्याच्या देखभालीतली त्रुटी. देखभाल कोण करतं? प्रजिना. एक जण म्हणाला, पोरगी निष्काळजीच आहे, माशने स्वतः तिला झापलेलं आमच्या लोकांनी ऐकलंय. दुसरा म्हणाला, गावाला काहीतरी दाखवावं लागेल. केंद्राचं नाव जाता कामा नये. माझं नाव गेलं की केंद्र गेलं, असंही कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला ते पटलं. खरंच पटलं, हे लिहून ठेवतो. बेचाळीस माणसं एका पारड्यात आणि एका मुलीची नोकरी दुसऱ्या पारड्यात, असा हिशेब मी मनात मांडला. असा हिशेब मांडणाऱ्यांविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आलोय.

तिला कामावरून कमी करण्याच्या कागदावर सचिव म्हणून सही केली.

गुरुवार, २३ मार्च

चिंडन सकाळी सव्वाअकराला गेला.

शुक्रवार, २४ मार्च

दहन दुपारी झालं. तिथून सगळे मूक मिरवणुकीने चौकात आले. खुर्च्या मांडलेल्या, माइक लावलेला, नेहमीप्रमाणे सगळ्या पक्षांची शोकसभा. अशा सभेत प्रत्येक पक्षाचा एकेक माणूस बोलतो आणि शेवटी माझं नाव पुकारतात. या गावात गेलेल्या प्रत्येक माणसाला शेवटचे शब्द माझे मिळालेत. काल संध्याकाळी मी भाषण लिहून काढलं होतं. माग, संप, तुरुंग. चांगलं होतं.

इतर बोलत असताना मला शेवटच्या रांगेत प्रजिना दिसली. बसायला जागा असून उभी होती. तिच्या आजूबाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

नाव पुकारलं. कागद खिशातच ठेवला. जे बोललो ते आठवेल तसं उतरवतो.

"चिंडन पाण्याने गेला. ते पाणी शनिवारी टाकून द्यायचं असतं. ते ठेवायचा हुकूम माझा होता. प्रजिनाने मला तीन वेळा सांगितलं, मी तिला तीन वेळा गप्प केलं. टाकीला कुलूप मी घातलं. परवा तिला काढण्याच्या कागदावर सही मी केली, आणि तेव्हा मला सगळं माहीत होतं. चिंडन रविवारी उभा राहिला तो पाण्यावरच्या विश्वासाने नाही. मी पडू नये म्हणून उभा राहिला."

पुढे काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच. माइक किंचाळला, कोणीतरी तार हलवली. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि आभार मानायला पुढच्याला बोलावलं. माणसं उठून जायला लागली. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

कर्णा चिंडनच्या घराकडे तोंड करून होता. नारायणीला सगळं ऐकू गेलं असणार.

शनिवार, २५ मार्च

सकाळी सचिवपदाचा राजीनामा दिला. समितीने तो टेबलावर ठेवून घेतला, स्वीकारला की नाही ते सांगितलं नाही. प्रजिनाचा कागद मात्र फाडला.

तिच्या घरी गेलो. तिची आई दारात आली, तिने बसा म्हटलं नाही. प्रजिना आतून आली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "लोकांसमोर मला बोललात, माफीही लोकांसमोरच मागितलीत. पुरे." मग विचारलं, "किल्ली आणलीय का?"

किल्ली दिली.

संध्याकाळी तिने टाकीच्या तळाच्या तोटीला लांब पाइप लावून तो फाटकाबाहेर सोडला. सौमिनीला तिने स्वतःच निरोप दिला होता. पंधरा-वीस बायका हंडे घेऊन आल्या आणि पाइपपासून चार हात लांब उभ्या राहिल्या. ज्या पाण्याने माणूस मेला ते पाणी, असं कोणीतरी पुटपुटलं. प्रजिना त्यांच्यात जाऊन उभी राहिली. हे आजचं ताजं आहे, म्हणाली, आज पिण्याला उत्तम, परवा मशीनला वाईट. दोन वाक्यं. सौमिनीने हंडा पुढे केला. मग बाकीच्या.

पाऊण तासात आठशे लिटर गेलं. गटार कोरडं. मी भिंतीला टेकून उभा होतो. हंडा उचलताना सौमिनी माझ्याजवळ थांबली. "माश, हे त्या दिवशी आम्हाला विचारलं असतंत तर आम्ही नाही म्हणालो असतो का?"

"नसता म्हणालात," मी म्हणालो.

सोमवार, २७ मार्च

पहिली पाळी. पाच जण आले. सहावा पलंग चिंडनचा. प्रतीक्षा यादीत एकोणीस नावं आहेत, पलंग रिकामा ठेवता येत नाही. पात्तुम्मा आली. पन्नाशीची बाई, नदीपलीकडची, पाय सुजून खांबासारखे झालेले. सोबत कोणी नाही.

मी ओसरीवर बसलो होतो. आत जायचा मला आता काही अधिकार नाही. ती माझ्यासमोर थांबली. मला व्यासपीठावर पाहिलेलं असणार.

"माश, पाणी चांगलं आहे ना? तुम्ही म्हणत असाल तर बसते."

तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं, नेहमीसारखं, गोल आणि भक्कम.

म्हणालो, "मला नाही सांगता येणार. आत प्रजिना आहे, तिला विचारा. तिचं समाधान होईपर्यंत बसू नका."

पात्तुम्मा पिशवी उचलून आत गेली. दार लोटलं गेलं. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय, ते बाहेर ऐकू आलं नाही.

सात दहाला मशीनं लागली. मी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. साडेसात. पावणेआठ. आठला पाच मिनिटं कमी. माझा हात मनगटावर गेला, जिथे त्याने धरलं होतं. आठ. सव्वाआठ. आत कोणी धावत नव्हतं.

साडेआठला दार उघडलं. मी उभा राहिलो. प्रजिनाने डोकं बाहेर काढलं.

"माश, तिथलं बटण दाबा जरा. पात्तुम्मांना उकडतंय, पंखा लावा म्हणतात."